पंडितबाबाचा दहावा

राखीनं विचारलं तेव्हा रावण कमरेपर्यंत जळून झाला होता.

"काकू," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आपण पंडितबाबाले काहून जाळून राह्यलो?"

योगिनीच्या कडेवर पुनी होती. पाच दिवसांनी, कोजागिरीला, ती वर्षाची होणार होती. आगीचा उजेड बघून लेकरू दोन्ही हात हलवत होतं आणि अंगणात गल्लीतली सात-आठ लेकरं टाळ्या पिटत होती. त्या गलक्यात योगिनीला वाटलं, राखी काहीतरी खेळातलं बोलतेय. शेजारची ही आठ वर्षांची पोरगी दिवसभर असं काहीबाही विचारतच असायची.

"पंडितबाबा नाई व, रावण हाय हा."

"हो, पण पंडितबाबालेही दहाच तोंडं हायेत." राखीनं बोटं पुढे धरली. "माहे आबा शेंदूर खरवडतेत तवा दिसतेत. म्या मोजले. इकडून पाच, तिकडून चार, अन् मधातलं एक मोठं."

योगिनीचं हसू तोंडावर होतं तिथंच राहिलं. ते आवरायचं कसं हेही तिला सुचेना. समोर सोयाबीनच्या भुशाचं कुटार धुपत होतं, तुराट्या तडतडत होत्या, आणि तिच्या डोळ्यांपुढे गावाच्या शिवेवरचा तो शेंदरी दगड उभा राहिला. तिनं आजवर तो पाठीमागूनच पाहिला होता. म्हणजे दगडाच्या नाही, स्वतः त्याच्याकडे पाठ करून.

बेलखेडी शेलूबाजारहून आत सात किलोमीटर. योगिनी वाशीमची, कॉलनीत वाढलेली, डी.एड. झालेली. लग्न होऊन अडीच वर्षं झाली होती, पण सासरचा दसरा तिनं पाहिला नव्हता. पहिला सण माहेरी म्हणून पहिला दसरा वाशीमला गेला, दुसऱ्याला बाळंतपण होतं. हा तिसरा. दुपारी सगळं गाव आपट्याची पानं घेऊन शिवेवर पंडितबाबाला सोनं द्यायला निघालं, तेव्हा सासूबाई, मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या, "पुनीचं अंग कोमट लागून राह्यलं. तू घरीच राह्य. ह्या बारक्या पोट्ट्यांवर लक्ष ठेव."

लक्ष ठेवता ठेवता योगिनीला हौस आली. वाशीमला तिचे बाबा दर दसऱ्याला कॉलनीच्या पटांगणात रावण करायचे. कामट्या बांधायच्या, कागद चिकटवायचे, आणि पहिली काडी योगिनीच्या हातून लावायची. तिनं मागच्या तुराट्यांच्या गंजीतून काठ्या ओढल्या, जुन्या लुगड्यात सोयाबीनचं कुटार भरलं. तोंडांना काय लावावं, तर पुनीच्या वाढदिवसासाठी आणलेल्या कागदी प्लेटा होत्या. त्यातल्या दहा काढल्या. लेकरांनी स्केचपेननं मिशा काढल्या, दात काढले. मधल्या मोठ्या प्लेटवर राखीनं चष्मा काढला. का, तर काकू म्हणाली की तो लय शिकेल होता, मग चष्मा असणारच. रावण मोबाईलवर जळताना लेकरांनी पाहिलेला होता. आपल्या अंगणात जळणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? शेजारी पाण्याची बादली ठेवली, आणि योगिनीनं पेटती अगरबत्ती पुनीच्या मुठीत धरवली, मुठीभोवती आपली मूठ धरली. लेकराचा पहिला दसरा. लोक शिवेवरून परतले की बघून खूश होतील, एवढंच तिच्या मनात होतं.

आता ती मूठ तिला गार लागली.

पंडितबाबा म्हणजे कुणी साधू असेल, जुना मास्तर असेल, असं तिनं धरून चाललं होतं. गावात लेकरू सव्वा महिन्याचं झालं की त्याच्या मांडीवर ठेवतात, शाळेत घालायच्या दिवशी पाटी त्याच्या पायाशी टेकवतात, बारावीच्या परीक्षेला त्याचा अंगारा लावून जातात. तिनं स्वतः पुनीला त्याच्या मांडीवर ठेवलं होतं. ठेवताना मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या, "ठेवलं की पाठ फिरव. बाईनं त्याच्याकडं तोंड करून उभं नाई राहाचं." योगिनी पाठ फिरवून उभी राहिली होती आणि मनातल्या मनात त्याच्याकडे शिक्षक भरतीची परीक्षा पास होण्याचं मागणंही घातलं होतं. एवढ्या मानाच्या देवाला साधं छप्पर का नाही, हेही तिनं एकदा विचारलं होतं. त्याच्यावर सासूबाई "नसते" एवढंच म्हणून भाकरी थापत राहिल्या होत्या.

पाठ का फिरवायची, छप्पर का नाही, दहा तोंडं. तिन्ही गोष्टी एकदम तिच्या छातीवर येऊन बसल्या. मी माझं लेकरू रावणाच्या मांडीवर ठेवलं. आणि दुसऱ्या क्षणी, त्याहून वाईट: मी त्याच लेकराच्या हातानं त्याला जाळलं, आणि गाव त्यालाच सोनं देऊन परत येतंय.

तिनं बादली उचलली. पण तोवर उशीर झाला होता. पाणी पडलं ते राखेवरच. वाफ उठली, चष्मा काढलेली एक प्लेट अर्धी जळून बाजूला पडली, आणि गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली.

कोणी ओरडलं असतं तर योगिनीला बरं वाटलं असतं. कोणी ओरडलं नाही. पुढे नानाजी, तिचे सासरे, होते. त्यांनी राखेकडे पाहिलं, उरलेल्या प्लेटकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि चपला काढून अनवाणी उभे राहिले. मागच्या बायांनी पदर तोंडाला लावले. मनकर्णाबाईंच्या हातातली आपट्याची पानं खाली पडली, ती त्यांनी उचललीही नाहीत. पोरं आपापल्या आईला जाऊन चिकटली. एवढी माणसं अंगणात, आणि ऐकू येत होतं फक्त ओल्या कुटाराचं फसफसणं.

गावातली सगळ्यात म्हातारी रामीबाई काठी टेकत पुढे आली. तिचं वय विचारलं की ती दर वेळी वेगळं सांगायची, पण नव्वदच्या खाली कधीच नाही.

"अग्नी कोणं देल्ला?"

 राखीच म्हणाली, "पुनीनं. काकूनं तिचा हात धरला व्हता."

"आजी, मले माहीत नव्हतं," योगिनी कशीबशी म्हणाली. "शपथ. मले कोणी सांगतलंच नाई."

"म्या तुले कुठं रागावली?" रामीबाई म्हणाली. "अख्खा मुलुख जाळते त्याले. जाळते अन् तथीच उभं राहून भेळ खाते. कोणी आंघोळ करत नाई, कोणी दोन टिपं गाळत नाई. आपल्या शिवेत तसं नाई होत. आपल्या शिवेत कोणी जळलं तं त्याचं माणसासारखं कराचं." तिनं पुनीकडे पाहिलं. "माह्या लग्नाच्या साली एका मास्तरनं असाच जाळला व्हता. त्यानंही दहा दिवस पाळले. ज्यानं अग्नी देल्ला तो त्याचा लागते. आता तुही पोरगी त्याची नात झाली, समज. नानाजी, तुमच्या घरी सुतक. दहाव्याले पिंड, अन् अग्नी देणाऱ्याचे केस."

योगिनीला पहिली वाक्यं उशिरा कळली. शेवटचं मात्र लगेच कळलं. तिचा हात आपोआप पुनीच्या डोक्यावर गेला. कानामागे वळलेले, दुधाचा आणि खोबरेल तेलाचा वास येणारे ते मऊ कुरळे केस. पुनीचं जावळ अजून काढलं नव्हतं. वाशीमच्या बालाजीला काढीन असा नवस योगिनीच्या आईनं बोलला होता, बाळंतपणात दोन दिवस अडलं होतं तेव्हा.

"नाई," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की तिलाच ऐकू आला असावा. मग पुन्हा, मोठ्यानं, "माह्या पोरीचे केस नाई देणार."

रामीबाईनं वाद घातला नाही. "दहा दिवस हायेत," म्हणाली, आणि काठी टेकत निघून गेली.

त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही. मनकर्णाबाईंनी सगळ्यांना आंघोळीला लावलं, कडुनिंबाचं एकेक पान चावायला दिलं. योगिनीनं चावलं. कडूपणा जिभेवर उतरला तेव्हा तिला पहिल्यांदा खरं वाटलं की घरात कोणीतरी गेलंय. दिवेलागणीला शेजारणी भाकरी आणि वरण घेऊन आल्या. तासाभरापूर्वी पदर तोंडाला लावलेल्या त्याच बाया. राखीची आई ताट ठेवताना हळूच म्हणाली, "खा व बाई. लेकराले पाजाचं हाय तुले." योगिनीला रडू आलं ते तेव्हा.

राजू आठच्या सुमारास आला. तिचा नवरा शेलूबाजार ते वाशीम जीप चालवायचा, दसऱ्याची गर्दी म्हणून दिवसभर फेऱ्याच चालल्या होत्या. गावात शिरतानाच त्याला कळलं होतं. तो जीप बाहेर उभी करून आत आला आणि भिंतीला टेकून बसला.

"तुमाले माहीत व्हतं," योगिनी म्हणाली.

"हो."

"अडीच वर्षं."

"घरात कोणी नाव घेतच नाई त्याचं. सवय नाई."

"सवय नाई, का लाज वाटत व्हती?"

राजूनं खाली पाहिलं. "वाशीमच्या कॉलेजात मले पोट्टे रावणाचा भाचा म्हणत. वर्गात हजेरी झाली की मागून दहादा 'येस सर' यायचं. तुले पाह्याले आलो तवा म्हटलं, हे सांगतलं तं पोरगी हो म्हणन काय?"

"इचारून तं पाहाचं."

"अन् नाई म्हटलं असतं तं?"

ती आणखी चिडली. तिनं पिशवी काढली, पुनीची दुपटी भरली. मनकर्णाबाई दारात आल्या. "सुतकात घर नाई सोडता येत. तुह्या माहेरी सुतक जाईन." योगिनी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. तिला स्वतःचंच नवल वाटलं. ज्याला तिनं लहानपणापासून दर वर्षी टाळ्या वाजवून जाळलं, त्याच्या सुतकात ती अडकली होती, आणि त्याचं सुतक आईच्या घरी जाऊ नये म्हणून पिशवी पुन्हा खुंटीला लावत होती.

जळालेल्या जागी नानाजींनी रोज पणती लावायला सुरुवात केली. संध्याकाळी ते तिथं बाज टाकून बसायचे. आधी एकटे, मग एकेक जण येऊन बसायला लागलं. मयताच्या घरी बसतात तसं. नानाजी बोलायचे आणि योगिनी आत पुनीला पाजता पाजता ऐकायची. त्याला चारही वेद कसे पाठ होते. देवापुढं वाजवताना वीणेची तार तुटली तर त्यानं स्वतःच्या हाताची शीर काढून कशी लावली. मरायला पडला तेव्हा रामानंच आपल्या भावाला पाठवलं, जा, असा शिकलेला पुन्हा भेटणार नाही, काहीतरी विचारून घे. भाऊ उशाशी उभा राहिला तर हा बोलेचना. पायाशी येऊन उभा राहिला तेव्हा बोलला.

"असं काय शिकवलं त्यानं?" कोणीतरी विचारलं.

"चांगलं काम उद्यावर टाकू नको म्हणे, अन् वाईट आज करू नको. म्या उलटं केलं म्हणे."

चौथ्या दिवशी योगिनीला राहवलं नाही. माणसं उठून गेल्यावर ती पुनीला घेऊन बाहेर आली. "नानाजी, एक इचारू काय?"

"इचार ना माय."

"वेदबिद ठीक हाय. पण त्यानं दुसऱ्याची बायको उचलून नेली. अन् तुमी त्याच्या मांडीवर पोरी ठेवता."

नानाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"त्याच्यावर छप्पर पाह्यलं काय तू?"

"नाई."

"हुशार व्हता म्हणून लेकरं त्याच्या मांडीवर. अन् जे केलं ते वाईट केलं म्हणून उन्हापाण्यात उभा. माह्या आज्याच्या आधीपासून उभा हाय. कोणी पत्रा टाकतो म्हटलं तं गाव टाकू देत नाई. बाया त्याच्याकडं पाठ करतेत, आपण काय केलं ते त्याले रोज समजाव म्हणून. मान देल्ला, शिक्षाही देल्ली. आमी दोन्हीतलं एकही इसरलो नाई."

योगिनी पणतीजवळ खाली बसली. लहानपणापासून तिच्या डोक्यात एकच होतं: वाईट असतो त्याला जाळायचं आणि घरी जायचं. वाईट माणसाला रोज आंघोळ घालायची, शेंदूर लावायचा, लेकरू द्यायचं, आणि तरी त्याला माफ करायचं नाही. हे असं काही असू शकतं हे तिला कोणत्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. 

"पण नाव इसरले," ती शेवटी म्हणाली.

"नाई इसरलो." नानाजींचा आवाज खाली गेला. "दडवलं. माह्याच लग्नाच्या वक्ती दोन ठिकाणचं मोडलं. रावणाच्या गावात पोरगी कोण देईन? मंग जाणत्यांनी ठरवलं, नाव घ्याचं नाई. सोयऱ्यांपुढं पंडितबाबाच म्हणाचं. म्हणता म्हणता आपसातही तेच चालू झालं." ते पणतीकडे पाहत राहिले. "तुह्यापासूनही दडवलं. ते चुकलं."

कोजागिरी आली आणि गेली. सुतकात ओवाळणं नसतं, म्हणून पुनीचा पहिला वाढदिवस तसाच गेला. उरलेल्या प्लेटा शिंकाळ्यात बांधलेल्या राहिल्या. फक्त दुपारी योगिनी धुणं वाळत घालून आत आली तर मनकर्णाबाई पुनीच्या तोंडात बोटानं गूळ लावत होत्या. सुनेला पाहून म्हणाल्या, "रडून राह्यली व्हती," आणि पुनी तर खिदळत होती.

त्या रोज पुनीला न्हाऊ घालताना केसांवरून हात फिरवायच्या. एक दिवस म्हणाल्या, "वाढून येतेत केस." योगिनीनं लेकरू काढून घेतलं. "बालाजीले बोलेल हायेत. दुसऱ्या कोणाले नाई देणार. तुमी मले हाकलून देल्लं तरी नाई." मनकर्णाबाईंनी तोंड फिरवलं. त्यानंतर पोरीच्या डोक्याला दोघींपैकी जी आधी हात लावेल तिच्याकडे दुसरी बघत राहायची.

दहाव्या दिवशी सकाळी गाव नदीवर आलं. न्हावी शेलूबाजारहून बोलावला होता. त्यानं सतरंजीचा तुकडा अंथरला, वाटीत पाणी घेतलं आणि विचारलं, "कोणाचं कराचं?"

रामीबाईनं काठी पुनीकडे केली. योगिनीनं पुनीला छातीशी इतकं आवळलं की लेकरू रडायला लागलं.  नानाजी एक पाऊल पुढं आले, पण त्यांच्या आधी राजू सतरंजीवर जाऊन बसला.

"माहं काढ."

"अग्नी पोरीनं देल्ला," रामीबाई म्हणाली.

"अन् दडवलं म्या. मी सांगतलं असतं तं हिनं काडी लावलीच नसती. मंग अग्नी कोणाचा झाला, आजी?"

रामीबाई तोंड हलवत विचार करत राहिली. दात नसल्यानं तिचा विचार दिसायचा. "उद्या वाशीमच्या स्टँडवर इचारतीन ना रे तुले, कोण मेलं म्हणून."

"सांगीन."

"काय सांगशीन?"

"जे हाय ते."

न्हाव्यानं डोकं भिजवलं. "मिशीचं काय?"

"राहू दे. नाई तं पोरगी वळखणार नाई."

योगिनी बघत राहिली. अडीच वर्षं ज्याला एक नाव तिच्यापुढं घेता आलं नव्हतं, तो सगळ्या गावापुढं मान खाली घालून बसला होता, आणि काळ्या केसांचे पुंजके त्याच्या गुडघ्यावर पडत होते. तिची मिठी सैल पडली. पुनी रडायची थांबली आणि बापाच्या निम्म्या टकलाकडे तोंड उघडं टाकून पाहू लागली.

मग पिंडावरून घोळ झाला. कोणी म्हणालं, दहा तोंडं, दहा पिंड पाहिजेत. कोणी म्हणालं, एकाला ठेवलं अन् नऊ जणांना नाही, तर नऊ उपाशी जातील. वाद चांगलाच रंगला. शेवटी मनकर्णाबाई म्हणाल्या, "पोट एकच व्हतं ना? एकच ठेवा."

एकच ठेवला. पळसाच्या पानावर भाताचा गोळा, वर तीळ. शेजारी नानाजींनी जपून ठेवलेली ती अर्धी जळालेली प्लेट, चष्मावाली, पाण्यात सोडायला. बाया नदीकडे पाठ करून रांगेनं उभ्या राहिल्या. माणसं मागे सरकली. बाभळीवर तीन कावळे होते.

एकही खाली येईना.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. मयताच्या मनात काही राहिलं असलं की कावळा शिवत नाही, हे लेकरांनाही माहीत होतं. नानाजी हात जोडून म्हणाले, "दर दसऱ्याले पुरणाचा निवद आणीन, बाबा." कावळे बसले तिथंच. राजू नव्या टकलावरून हात फिरवत म्हणाला, "छप्पर बांधतो. चांगल्या पत्र्याचं." बायांच्या रांगेत कुजबुज झाली आणि रामीबाई फटकारून बोलली, "छप्पर त्यानं आजलोक मांगतलं काय? गप राह्य." एक कावळा तर उडूनच गेला.

ऊन चढलं. नानाजी वळले. "योगिनी, तू बोल माय. हात तुहा व्हता."

योगिनी रांगेत पाठमोरी उभी होती. तिला काय बोलायचं ते माहीत नव्हतं. माफी मागावी, तर खरं सांगायचं म्हणजे तिला त्याची माफी मागावीशी वाटत नव्हती. सीतेनं त्याला माफ केल्याचं तिनं कुठं ऐकलं नव्हतं. पण दहा दिवस तिनं त्याच्यासाठी कडुनिंब चावला होता, लेकराचा वाढदिवस सोडला होता. एवढं आपण ज्याच्यासाठी करतो, त्याच्याशी पाठ करून कसं बोलायचं?

ती वळली. पुनीला कडेवर घेऊन पानासमोर जाऊन उभी राहिली, तोंड करून.

"रावणबाबा," ती म्हणाली.

 मनकर्णाबाईंचे खांदे ताठ झाले. नानाजींनी डोळे मिटले. कित्येक वर्षांत पंडितबाबाला त्या नावानं कोणी मोठ्यानं हाक मारली नव्हती.

"म्या तुले वळखलं नाई, कारण मले कोणी तुहं नाव सांगतलं नाई. माह्या पोरीले मी सांगीन. तू किती शिकेल व्हता ते सांगीन. सीतामाईले काय केलं तेही सांगीन. ती मोठी झाली अन् कोणी तिले रावणाची नात म्हटलं, तं तिले दोन्ही माहीत असन. यातलं एकही दडवणार नाई." तिनं कडेवरची पुनी सावरली. "बाकी मले तुले काही द्याचं नाई."

बाभळीवर पंख वाजले. कावळा आधी पानाच्या पलीकडे उतरला. दोन उड्या मारून चष्म्याच्या प्लेटपाशी गेला, मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. मग वळून भाताला चोच लावली.

 ते नाव अजून पाण्यावर होतं जणू.

"शिवला काय?" रामीबाईनं पाठमोरीच विचारलं. कोणी उत्तर देईना. "अरे शिवला काय? कोणी सांगान का नाई म्हातारीले?"

"शिवला," राखी म्हणाली.

परतताना वाट शिवेवरूनच होती. सुतक सुटलं होतं, म्हणून रीतीप्रमाणे लेकरू एकदा पंडितबाबाच्या मांडीवर ठेवायचं होतं. योगिनीनं पुनीला दगडाच्या मांडीवर बसवलं. बाया वळून उभ्या राहिल्या. योगिनी वळली नाही. शेंदराच्या थरांखाली तोंडं झिजली होती, नाकं तर उरलीच नव्हती, पण जवळून दिसत होती सगळी. इकडून पाच, तिकडून चार, मधलं एक मोठं. पुनीनं सरळ त्या मधल्या तोंडात बोट घातलं आणि खरवडायला लागली.

"काय करून राह्यली ती?" मनकर्णाबाईंनी पाठमोरंच विचारलं.

"पंडितबाबाचे दात मोजून राह्यली," राखी म्हणाली. "आता बोट तोंडात घालून राह्यली."

"शेंदूर हाय व त्याले, पोटात जाईन," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि झटकन वळल्या. दोन पावलांत मांडीपाशी पोचल्या, पुनीचं बोट तोंडातून ओढून पदरानं पुसू लागल्या. लाल रंग निघेना. त्यांनी पदराला थुंकी लावली, पुन्हा घासलं.

आणि घासता घासता त्यांची मान वर गेली. पस्तीस वर्षं त्या या दगडापुढं येत होत्या. योगिनीनं पाहिलं, सासूबाईंचा हात पुनीच्या बोटावर तसाच थांबला होता, आणि त्या त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. एकामागून एक, सगळ्या दहा तोंडांकडे.